३३५ वॅट गेले कुठे?

सौर पॅनेलच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ती पॅनेल छपरावर चढवण्याआधी वाचायची असते. चढवल्यानंतर शिडी लावून, मान वाकडी करून, मोबाईलच्या उजेडात नव्हे. माझ्या पॅनेलच्या चिठ्ठीवर पाच आकडे निघाले: ३३५ वॅट, ४६.१ व्होल्ट, ९.३५ अँपिअर, मग पुन्हा ३७.८ व्होल्ट आणि ८.८७ अँपिअर. एकाच वस्तूला दोन व्होल्टेज आणि दोन करंट कसे, हा प्रश्न मला शिडीवरच पडला. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेल्या आणि नंतर जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईने तिथूनच गुपचूप खाली उतरायला हवं होतं. माझा सगळा उन्हाळा त्या पाच आकड्यांत गेला.

माण तालुक्यात आमचा कोरडवाहू तुकडा आहे आणि त्यावर एक खोली. विजेचा खांब इतका दूर की निवृत्तीनंतर मी सूर्याच्याच दारी अर्ज करायचं ठरवलं. ऊन भरपूर, झाडं मोजकी, पाऊस नावाला. गरजाही किरकोळ: दोन दिवे, एक पंखा, मोबाईल, इंटरनेटचा राउटर आणि भाची आली की तिचा लॅपटॉप. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लहान पॅनेल कशाला? मोठं घ्या, वॅटमागे स्वस्त पडतं." हे खरंच होतं. सोबत बारा व्होल्टची, दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि एक हलकासा प्लॅस्टिकचा डबा, ज्याला तो चार्ज कंट्रोलर म्हणत होता. "हा फुकट समजा," असंही म्हणाला. फुकट या शब्दाने मी भारावले आणि डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं.

भाची पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती आपला क्लॅम्प मीटर माझ्याकडे विसरून गेली होती. हा मीटर वायरीला चिमट्यासारखा लावायचा, कापाकापी नको, की वायरीतून किती करंट वाहतोय ते पडद्यावर दिसतं. मी भर दुपारी लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य. पॅनेल बंद, बॅटरी बंद, दुकानदार लबाड, असे तिन्ही निष्कर्ष काढून झाल्यावर भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, तो एसीवर आहे. सोलरची वीज डीसी असते, बटण फिरव." फिरवलं आणि ८.४ अँपिअर दिसले.

आता गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढं मला येतं. बॅटरीच्या टोकांवर १३.२ व्होल्ट होते. ८.४ गुणिले १३.२ म्हणजे सुमारे १११. पैसे ३३५ वॅटचे मोजले होते. बाकीचे २२४ वॅट कुठे गेले? मी पॅनेल धुतलं. सावली येतेय का पाहिलं. वायरीचे जोड घट्ट केले. आकडा जागचा हलला नाही. दुकानदाराने फोनवर सांगितलं, "मॅडम, चिठ्ठीवरचे वॅट प्रयोगशाळेतले असतात." तेही खोटं नव्हतं. ते आकडे एका चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडत असताना आणि पॅनेलच्या आतल्या सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी सेल साठीच्या घरात जातो, आणि सिलिकॉनचे वॅट दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटतात. मी हिशेब केला: पस्तीस अंश जास्त, म्हणजे चौदा टक्के घट. तरीही २८८ उरायला हवेत. १११ नव्हे. मी हा हिशेब दुकानदाराला ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक आलंय."

भाची सुट्टीला आली ती सरांची परवानगी काढून कॉलेजचा रिओस्टॅट घेऊन. रिओस्टॅट म्हणजे सरकत्या मुठीचा भलामोठा रेझिस्टन्स. मूठ सरकवली की विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. तिने आधी पॅनेलच्या दोन्ही वायरी मोकळ्या सोडून मोजलं: ४१ व्होल्ट, करंट शून्य. मग दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या. मी किंचाळले. पॅनेलला काही होत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं: ८.५ अँपिअर, व्होल्ट शून्य. चिठ्ठीवरच्या आकड्यांचा अर्थ तिथे लागला. ४६.१ हे मोकळ्या वायरींचं व्होल्टेज, ९.३५ हा जोडलेल्या वायरींचा करंट. दोन्ही ठिकाणी गुणाकार शून्य, म्हणजे पॅनेल पूर्ण ताकदीने काहीच करत नाही. कामाचे आकडे दुसरे दोन.

मग ती मूठ सरकवत गेली आणि मी वहीत लिहीत गेले. १३ व्होल्टला ८.४ अँपिअर. २० व्होल्टला ८.४. २८ व्होल्टला ८.३. व्होल्टेज दुपटीने वाढलं तरी करंट जवळपास तोच! ३३ व्होल्टच्या आसपास गुणाकार २६५ च्या पुढे गेला, आणि त्यानंतर करंट एकदम घसरायला लागला. ३८ व्होल्टला निम्म्याच्याही खाली. कागदावर ठिपके जोडले तर सपाट माळ आणि मग कडा. त्या कड्याच्या काठावर पॅनेल सगळ्यात जास्त वॅट देतं. माझा फुकटचा डबा फक्त एक स्विच होता. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडायचा, बॅटरी भरत आली की भराभर जोड-तोड करून आवरतं घ्यायचा. त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बॅटरी १३ व्होल्टवर होती, म्हणून ती पॅनेललाही १३ व्होल्टवर ओढून धरत होती. न काढलेले वॅट कुठे जात नव्हते. ते पॅनेलमध्येच उष्णता म्हणून राहत होते. महिनाभर मी छपरावर बऱ्यापैकी महाग तवा तापवत होते.

उपाय मला लगेच सुचला. ३३ व्होल्ट जास्त होतात ना, मग उतरवून घ्यायचे! भाचीच्या पेटीत ७८१२ नावाचा तीन पायांचा काळा तुकडा होता. त्यात जास्त व्होल्ट घातले की १२ निघतात, असं ती म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. ही मुलगी मला चुका करू देते, हा तिचा शिकवण्याचा प्रकार आहे. मी तिच्या वयाची असताना तिच्या आईला असंच शिकवायचे. २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तो तुकडा आणि पुढे मोटारीचा लहान बल्ब जोडला. बल्ब लागला. मी विजयाने तुकड्याला बोट लावलं आणि बोट तोंडात घातलं. थोड्या वेळाने बल्ब मालवला, मग आपोआप लागला, पुन्हा मालवला: तुकडा अति तापला की स्वतःला बंद करून घेतो. भाचीने मीटर लावून दाखवलं, आत जाणारा करंट आणि बाहेर येणारा करंट सारखाच. उरलेले १२ व्होल्ट निव्वळ उष्णता झाले होते. म्हणजे हाही पॅनेलचे ८.४ अँपिअर ८.४ च ठेवणार. तवा फक्त छपरावरून खोलीत आला असता.

मग दुसरा उपाय शोधायला आम्ही पुण्याला गेलो. तिथे बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा कुठलाही सुटा भाग तिथे मिळतो, फक्त मागता आला पाहिजे. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काकू, बक पाहिजे का बूस्ट?" मी म्हटलं, "दोन्हींतला चांगला द्या." मागे उभी असलेली दोन पोरं हसली. भाचीने पुढे होऊन सर्किटांची तीन छोटी हिरवी-निळी पाटलं घेतली: बक म्हणजे व्होल्टेज उतरवणारं, बूस्ट म्हणजे चढवणारं आणि सेपिक म्हणजे दोन्ही करणारं. मला अर्थातच वाटलं, दोन्ही करणारं असताना बाकीची दोन घेतंच कोण? हा प्रश्न मी दुकानातच मोठ्याने विचारला. पोरं पुन्हा हसली, पण या वेळी त्यांतल्या एकाला उत्तर येत नव्हतं, हे मी टिपलं.

बकपासून सुरुवात. पाटलावर एलएम२५९६ नावाची चिप, एक तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन कपॅसिटर आणि एक निळी ठोकळी, तिच्यावर पितळी स्क्रू. तो फिरवून बाहेरचं व्होल्टेज ठरवायचं. मी फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. काही नाही. मग पाटलं खराब आहे म्हणून ते वेगळं ठेवलं. भाचीने उचललं आणि स्क्रू उलट्या बाजूने फिरवतच राहिली, अगदी कंटाळा येईपर्यंत. आणि मग अचानक आकडा उतरायला लागला. हा स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला अनेक वेढे घेतो आणि सुरुवातीचे बरेच वेढे वायाच जातात. पाटलं चांगलं होतं, घाई माझी होती.

आत २४ व्होल्ट, बाहेर १२, आणि तोच बल्ब. आता दोन मीटर. बाहेर बल्बकडे जाणारा करंट ०.८३ अँपिअर. आत येणारा ०.४७. मी मीटरांची अदलाबदल केली. आकड्यांनीही जागा बदलल्या. आत कमी, बाहेर जास्त! मला ही शुद्ध लबाडी वाटली. पण गुणाकार करून पाहिला: आत ११.३ वॅट, बाहेर १०. वॅट थोडे कमीच झाले होते. फक्त व्होल्ट मोडून अँपिअर घेतले होते. आणि चिप नुसती कोमट. माझ्या ७८१२ ने जे जाळून टाकलं असतं, ते ह्याने बदलून दिलं.

हे होतं कसं, ते समजायला मला रात्र लागली. चिपच्या पोटात एक स्विच सेकंदाला दीड लाख वेळा उघडतो-मिटतो. तो मिटलेला असतो तेव्हा वरून जोर येतो, उघडा असतो तेव्हा काहीच नाही. पण मध्ये ते तांब्याचं वेटोळं आहे आणि वेटोळ्याचा स्वभाव असा की त्यातून वाहणारा करंट एकदम वाढत नाही की एकदम थांबत नाही. कुंभार काठीने चाकाला अधूनमधून ढोसतो, पण चाक आपल्या वजनाने एकसारखं फिरत राहतं, तसं हे. स्विच उघडा असताना वेटोळं आपला करंट एका डायोडमधून फिरवून चालू ठेवतं, आणि त्या वेळी वरून काही घेत नाही. म्हणूनच आत कमी, बाहेर जास्त. निम्मा वेळ ढोसलं तर निम्मं व्होल्टेज, तिसरा हिस्सा वेळ ढोसलं तर तिसरा हिस्सा. या हिश्श्याला ड्यूटी म्हणतात. मी वहीत "कर्तव्य" लिहिलं होतं. भाचीने खोडून पुन्हा ड्यूटी केलं.

बूस्टमध्ये तेच भाग, फक्त जागा बदललेल्या. वेटोळं दारातच, आणि स्विच त्याच्या पुढे जमिनीकडे. स्विच मिटला की वेटोळ्यातला करंट वाढत जातो. उघडला की त्या करंटला थांबता येत नाही, तो डायोडमधून पुढे धडकतो आणि वेटोळ्याचं व्होल्टेज आतल्या व्होल्टेजमध्ये मिळून वर जातं. स्विच निम्मा वेळ मिटलेला ठेवला की दुप्पट, पाऊण वेळ ठेवला की चौपट. मी विचारलं, "मग पूर्ण वेळ ठेवला तर अनंत?" "कागदावर," ती म्हणाली. प्रत्यक्षात तारेचा रेझिस्टन्स मध्ये येतो, चौपट-पाचपटीच्या पुढे हा प्रकार दमतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून आम्ही लॅपटॉपचे १९ व्होल्ट काढले. पाटलं तापलं, पण चाललं. मग मी स्क्रू उलटा फिरवून ९ व्होल्ट काढायला बसले. आकडा ११.७ वर अडला तो अडलाच. बूस्टमध्ये आतून बाहेर वेटोळं आणि डायोडमार्गे सरळ वाट असते. स्विच पूर्ण वेळ उघडा ठेवला तरी आतलं व्होल्टेज बाहेर पोचतंच. चढवणाऱ्याला उतरवता येत नाही, हे त्याच्या नावातच होतं.

पण बूस्टचं एक मला फार आवडलं. त्याचं वेटोळं दाराशी असल्याने पॅनेलमधून करंट एकसारखा ओढला जातो. बकमध्ये दाराशी स्विच असतो, तो पॅनेलचा करंट सारखा तोडत राहतो. म्हणून बकच्या दारी मोठा कपॅसिटर लागतो, नाहीतर पॅनेल त्या काठावर टिकतच नाही. शहरात घरांच्या गच्चीवर जे सोलर बसवतात आणि वीज कंपनीला वीज देतात, त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा आधी बूस्टच असतो. आपल्या घरातले २३० व्होल्ट लाटेच्या शेंड्यावर ३२५ पर्यंत जातात, तेव्हा आधी डीसी त्याहून वर चढवून ठेवावी लागते. हे कळल्यावर मी गावातल्या एका गच्चीकडे बोट दाखवून शेजारणीला समजावून सांगायला लागले. ती टाकी होती, सोलर बंबाची.

उतरवणं आणि चढवणं दोन्ही करणाऱ्या सर्किटांचं कुटुंब मोठं निघालं. सगळ्यात साधं बक-बूस्ट: भाग कमी, पण बाहेर प्लसच्या जागी मायनस येतं. उलटं व्होल्टेज कुणाला हवंय, असं म्हणून मी वहीचं ते पान उलटलं. पुढचं मूळच्या सर्बियाच्या स्लोबोदान चूक यांचं. त्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलटेकमध्ये असताना दोन्ही दारांना वेटोळं लावलं आणि मधली वाहतूक कपॅसिटरवर सोपवली. आतला करंटही एकसारखा, बाहेरचाही. मात्र व्होल्टेज इथेही उलटंच. माझ्या वहीत त्या पानावर ठळक मथळा आहे: "चूक कन्व्हर्टर". भाचीच्या सरांनी वही पाहिली आणि काय चुकलं ते शोधायला ते पूर्ण पान वाचत बसले. तिसरं सेपिक, त्यात व्होल्टेज सुलटं राहतं.

मग दोन्ही करणारं का नको, याचं उत्तर हळूहळू मिळालं. बकमधल्या स्विचला जास्तीत जास्त आतलं व्होल्टेज सोसावं लागतं. सेपिकमधल्या स्विचला आतलं अधिक बाहेरचं, दोन्हींची बेरीज. वेटोळी दोन, आणि सगळी ऊर्जा मधल्या कपॅसिटरमधून जाणार, म्हणून तोही दमदार हवा. जास्त भाग, जास्त ताप, थोडे कमी वॅट. माझं पॅनेल नेहमी ३० च्या वर, बॅटरी नेहमी १५ च्या खाली. चढवायची वेळ कधी येणारच नाही. जी गरज नाही तिची किंमत रोज कशाला मोजायची? सेपिकला मात्र राउटरपाशी नोकरी मिळाली. राउटरला बरोबर १२ व्होल्ट हवेत आणि बॅटरी दिवसभरात ११ ते १४.४ अशी फिरते, कधी कमी, कधी जास्त. तिथे ते पाटलं आजही आहे.

मग बक पॅनेलला लावायचं ठरलं. मी भाची आंघोळीला गेलेली पाहून लावलं. फट् असा आवाज आला आणि खोलीभर वास पसरला. त्या चिपची मर्यादा ४० व्होल्ट आहे. सकाळच्या गारव्यात माझं मोकळं पॅनेल ४६ वर होतं. उष्णतेने व्होल्टेज उतरतं तसं थंडीने चढतं, म्हणून कुठलंही सर्किट निवडताना आकडा धरायचा तो डिसेंबरच्या सकाळचा, एप्रिलच्या दुपारचा नव्हे. डोकं पुसत बाहेर आलेल्या भाचीने खोली हुंगली आणि विचारलं, "कुठलं गेलं?"

शेजारच्या वस्तीवर माझा एक जुना विद्यार्थी म्हशी पाळतो. त्याच्याकडे १०० वॅटचं लहान, ३६ सेलचं पॅनेल आहे. मोकळं असताना ते २१-२२ व्होल्टच्या वर जात नाही. ते उसनं आणलं, पाच अँपिअरचं दुसरं बक पाटलं घेतलं, बाहेरचे १४.४ व्होल्ट ठरवले आणि उतरलेली बॅटरी जोडली. पॅनेल १७-१८ व्होल्टवर राहील आणि बॅटरीला जास्त करंट जाईल, अशी माझी खात्री होती. पॅनेलचं व्होल्टेज धाडकन १३ वर आलं. म्हणजे पुन्हा तोच फुकटचा डबा! सर्किट बरोबर, जोडणी बरोबर, आणि फळ शून्य.

भाचीलाही हे लगेच सांगता आलं नाही, आणि त्याचा मला थोडा आनंद झाला. मग तिच्या लक्षात आलं. हे बक फक्त बाहेर पाहतं. बाहेर १४.४ व्हायलाच हवेत, एवढंच त्याला ठाऊक. भुकेली बॅटरी व्होल्टेज चढू देत नाही, म्हणून ते स्विच आणखी वेळ, आणखी वेळ मिटलेला ठेवतं, शेवटी कायमचा मिटवतं. पॅनेल काठावरून घसरून बॅटरीच्या पातळीला येतं. आपल्याला हवंय ते उलट: बाहेर काय होतंय ते बॅटरीवर सोडायचं आणि पॅनेलकडे लक्ष ठेवायचं. बक तेच, फक्त त्याला तोंड फिरवून बसवायचं. हे काम एक छोटी संगणक-चिप करते आणि त्याला एमपीपीटी म्हणतात. ती ड्यूटी किंचित हलवते, वॅट मोजते. वाढले तर त्याच दिशेने आणखी हलवते, घटले तर परत फिरते. दिवसभर हेच. ढग आला की गोंधळते, ढग गेला की पुन्हा काठ शोधते. इतके आठवडे मी बक चांगलं की बूस्ट, सेपिक चांगलं की चूक, याची तुलना करत होते. आणि निम्मं उत्तर सर्किटात नव्हतंच, ते सर्किट कुठे पाहतंय यात होतं. हे मी लगेच वहीत लिहिलं. भाची म्हणाली की हे त्यांना दुसऱ्याच तासाला शिकवलं होतं, ती गैरहजर होती.

एमपीपीटी कंट्रोलर ऑनलाइन मागवला. डब्यावर मोठ्या अक्षरांत एमपीपीटी, आणि किंमत इतकी कमी की मला पुन्हा भारावल्यासारखं झालं. जोडला. पॅनेलच्या टोकांवर मीटर लावला: १३.४ व्होल्ट. बॅटरीच्या टोकांवर: १३.३. आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. उघडून पाहिला, आत वेटोळंच नाही. वेटोळं नाही तर बदलून देणार कोण? तेव्हापासून दुकानात कंट्रोलर दाखवला की मी आधी तो हातात घेऊन वजन पाहते. दुकानदार मला भाजीवाली बाई समजतात.

खरा कंट्रोलर जड निघाला, मागे ॲल्युमिनियमच्या पात्या. तो छपरावर पॅनेलखाली बसवावा म्हणजे खोलीत जागा अडणार नाही, असा माझा बेत होता. भाचीने हिशेब करायला लावला. छप्पर ते बॅटरी वायर बारा मीटर, जाऊन-येऊन चोवीस. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रेझिस्टन्स ०.११ ओहम. पॅनेलकडचे ८ अँपिअर त्यातून नेले तर ३३ व्होल्टमधला एखादा व्होल्ट जातो. बॅटरीकडचे १८ नेले तर १३ मधले दोन जातात. म्हणून कंट्रोलर बॅटरीशेजारी. खोलीतली माझी पुस्तकांची मांडणी एक खण खाली सरकली.

आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, हा क्रम या वेळी मी पाठ केला होता. पडद्यावर आलं: पॅनेल ३३.२ व्होल्ट, ८.१ अँपिअर, बॅटरी १३.७ व्होल्ट, १८.६ अँपिअर. गुणाकार २५५. एकशे अकराचे दोनशे पंचावन्न! मी भाचीला मिठी मारली. तिने मिठीतूनच हात लांब करून एक बटण दाबलं आणि करंटची मर्यादा १५ वर आणली. दीडशे एएचच्या या बॅटरीला दहाव्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे १५ अँपिअरच्या वर, सतत देऊ नये म्हणे. झाले दोनशेपाच. पुढे दुपारी बॅटरी भरत आली तसे तेही ओसरले, कारण बॅटरी भरली की कंट्रोलर स्वतःच पॅनेलला काठावरून बाजूला नेतो. मी मोठं पॅनेल स्वस्तात घेतलं, पण त्याला पुरी पडेल अशी बॅटरी घेतली नाही. आता पंखा दुपारीच जोरात लावते.

बातमी वस्तीवर गेली. म्हशीवाला आला आणि म्हणाला, "बाई, मलाबी तसला जड डबा सांगा." मी त्याला बसवलं आणि वही काढली. तुझं पॅनेल ३६ सेलचं, बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीच बेतलेलं. चिठ्ठीवर १८ व्होल्ट, पण उन्हात तापलं की १५ वर येतं. बॅटरी भरताना साडेतेराच्या पुढे असते. मधे दीड व्होल्ट उरतो, त्यातला थोडा बक स्वतः खाणार. थंडीत सकाळी काहीतरी फायदा होईल, उन्हाळ्यात फारसा नाही. तुझा साधा डबाच ठीक आहे, त्या पैशात पॅनेल आणखी एक घे. त्याने सगळं ऐकून घेतलं, आकृत्याही पाहिल्या.

"म्हणजे तुमचा जड आणि माझा हलका," तो म्हणाला.

"तुझं पॅनेल वेगळं आहे."

"बरोबर, बाई," असं म्हणून तो उठला. पुढच्या बाजाराला त्याने जड डबा आणला. मी मीटर घेऊन गेले, आधीच्यापेक्षा पाव अँपिअर जास्त दिसला, आणि तो मला दर भेटीत त्या पाव अँपिअरची आठवण करून देतो.